बाळाच्या पोर्टफोलिओचं खूळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाळांना जाहिरातीत काम कसं मिळवावं, हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ‘सुरुवात चांगल्या पोर्टफोलिओने करावी’ या वाक्याशी मी अडखळले. याच सल्ल्यापायी आम्ही पैसे घालवून बसलोय.

लेक तेव्हा पाच महिन्यांची होती. एका एजन्सीने नोंदणीची फी घेतली, वर त्यांच्याच स्टुडिओत फोटो काढायला लावले. टोपली, कापसाचे पंख, डोक्यावर फुलांचा मुकुट. अल्बम हाती येईपर्यंत तिला दोन दात आले होते आणि ती आधाराशिवाय बसायला लागली होती. फोटोतलं बाळ घरात उरलंच नव्हतं! काम तर आलं नाहीच.

नंतर या क्षेत्रातल्या एका ताईंनी डोळे उघडले. कास्टिंगवाल्यांना, म्हणजे जाहिरातीसाठी बाळं निवडणाऱ्यांना, बाळ आज कसं दिसतं तेवढंच हवं असतं. खिडकीच्या उजेडात, साध्या चादरीवर, मोबाईलने काढलेले दोन-तीन फोटो पुरतात. एक चेहऱ्याचा जवळून, एक पूर्ण अंगाचा. टोपी, चोखणी, फिल्टर काही नको. सोबत जन्मतारीख, उंची आणि कपड्यांचं माप, कारण कपडे आधीच ठरलेले असतात आणि बाळ त्यात बसावं लागतं. फोटो दर दोन-तीन महिन्यांनी नवे पाठवायचे. एजन्सी आपली टक्केवारी मानधनातून कापून घेते. आधीच पैसे मागितले तर उठून यायचं.

अमेरिकेतल्या गर्बर कंपनीने १९२८ साली बाळांच्या खाण्याच्या जाहिरातीसाठी चित्रं मागवली, तेव्हा चित्रकार डोरोथी होप स्मिथ यांनी शेजारच्या अ‍ॅन टर्नर या बाळाचं कोळशाने काढलेलं कच्चं रेखाटन पाठवलं. पसंत पडलं तर पूर्ण करून देईन, म्हणाल्या. कंपनीने ते तसंच ठेवलं, १९३१मध्ये ट्रेडमार्कही केलं. तिथे कुठे होता मुकुट?

मोबाईलच्या फोटोंवर आम्हाला एक शूट मिळालं, तेही राखीव बाळ म्हणून. अशी तीन-चार बाळं बोलावतात, जे हसेल त्याचा फोटो. (जुळ्यांना मागणी का, हे तिथे कळलं: एक रडलं की दुसरं हजर.) वेळ नेमकी लेकीच्या झोपेची. खांद्यावर घेऊन मी तासभर येरझारा घातल्या. शेवटी दिव्यांपुढे ठेवलं, एका अनोळखी बाईने खुळखुळा वाजवला, लेकीने मान वळवून मला शोधलं आणि भोकाड पसरलं. आम्ही घरी.

संमतीपत्रावर सही मात्र सगळ्यांनी आत शिरतानाच केली होती. फोटो कुठे आणि किती वर्षं वापरणार, असं मी कागद देणाऱ्या मुलाला विचारलं, तर तो गोंधळून म्हणाला, “मॅडम, हे कुणी विचारतच नाही.”

आपली,
एक वाचक