गच्चीखालची खोली

अकोला, 2 मे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "बाबा, पंखा पाचवर असतो तरी गरम वाराच फेकतो. एसी घेऊ का?" घे, पैसे तुझे आहेत. पण आधी पंख्याची बाजू ऐक.

पंखा खोली गार करत नाही गं. अंगावरचा घाम वाळवतो, म्हणून आपल्याला गार वाटतं. तेव्हा खोली गार राहावी म्हणून ऑफिसला जाताना तो चालू ठेवतेस, ते आधी बंद कर. तू राहतेस गच्चीखाली. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री धग सोडतो आणि पंखा तीच हवा तुझ्या अंगावर आणतो. बिचाऱ्याचा काय दोष? इथे पारा 45 ला गेला की नुसत्या पंख्याखाली अंग भाजतं, कारण हवाच अंगापेक्षा गरम.

पुण्यात निदान रात्री हवा उतरते. सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या लाव, पडदे ओढ. रात्री बाहेर गार वाटलं की उघड, पण एकच उघडून भागत नाही. हवेला आत यायला वाट हवी तशी बाहेर जायलाही. उदबत्ती लावून खिडकीशी धर. धूर आत वळला तर हवा तिथून येतेय. मग स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लाव आणि धुराकडे बघ, कसा ओढला जातो ते.

मलाही हे उशिराच कळलं. पहिला कूलर आणला तेव्हा मी शहाणपणा करून सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पापड सादळले, काडेपेटी पेटेना. तुझी आई अजून ते काढते.

पंखा पाचवरही रेंगाळत असेल तर कंडेन्सर गेला असेल. इलेक्ट्रिशियनला बोलाव, किरकोळ काम आहे. नवाच घ्यायचा तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा घे; जुना 75 वॉट खातो, हा तिसेक. आणि पलंग कोपऱ्यातून काढून पंख्याखाली आण, कोपऱ्यात वारा पोचतच नाही.

एवढं करूनही एसी घेतलासच, तर 26 वर ठेव आणि पंखा दोनवर.

पात्यांवर धूळ बसलीय, मागच्या खेपेला पाहिली. तुझं ते स्टूल डुगडुगतं, त्यावर चढू नकोस. मी आलो की पुसेन.

तुझे,
बाबा