पत्नींचेही स्मरण व्हावे

महोदय,

परदेशी मिशनकार्याच्या इतिहासात पत्नींचा उल्लेख बहुधा ‘सोबत गेल्या’ एवढ्यावरच संपतो, याची खंत वाटते. फेब्रुवारी १८१२ मध्ये, विवाहाला जेमतेम दोन आठवडे झाले असताना अ‍ॅडोनिरम आणि अ‍ॅन जडसन हे मिशनरी दाम्पत्य अमेरिकेतील सेलम बंदरातून निघाले. पुढे ब्रह्मदेशात पतीला कैद झाली, तेव्हा अन्न पोहोचवण्यापासून अधिकाऱ्यांकडे अर्जविनंत्या करण्यापर्यंत सारे अ‍ॅन यांनी, तेही गरोदरपणात, निभावले. त्यांच्याच जहाजावरील नवविवाहित हॅरिएट न्यूएल तर त्याच वर्षी मॉरिशसमध्ये अवघ्या १९ व्या वर्षी निवर्तल्या. त्यांचे पती सॅम्युएल नंतर मुंबईत येऊन १८२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राबले. मुंबईतील या अमेरिकन मिशनच्या आरंभाविषयी लिहिताना हॅरिएट यांचेही नाव घेतले जावे, ही विनंती.

— एक वाचक, मुंबई