व्हिसा मिळेलही, कंपनीचे पत्र कुठून आणायचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अलीकडे आपल्याच नव्हे, बहुतेक सगळ्याच दैनिकांच्या पुरवण्यांमध्ये ‘लॅपटॉप उचला आणि जगात कुठूनही काम करा’ अशा थाटाचे लेख येत असतात. कोणत्या देशाचा डिजिटल नोमॅड व्हिसा (त्या देशात राहून बाहेरचे काम ऑनलाइन करण्याची मुभा देणारा) किती मुदतीचा, फी किती, पगार किती हवा, याचे तक्तेही असतात. तक्ते बहुतेक वेळा बरोबर असतात, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. मी हिंजवडीतल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत एचआरचे काम करते. पुरवणी रविवारी निघते आणि सोमवारी मला ईमेल येतात, ‘मॅडम, एक लेटर हवं होतं.’ त्या लेटरबद्दल या लेखांत अवाक्षर नसते, आणि घोडे पेंड खाते ते नेमके तिथेच.

हे पत्र असते तीन वाक्यांचे. अमुक कर्मचारी आमच्याकडे कायम नोकरीत असून तिचा पगार इतका आहे. तिचे काम पूर्णपणे ऑनलाइन होते. आणि ती ते अमुक देशातून, अमुक तारखेपासून करील, याला कंपनीची परवानगी आहे. पहिले वाक्य आम्ही रोज कुणाला ना कुणाला देतो, गृहकर्जासाठी, टुरिस्ट व्हिसासाठी. दुसरेही देता येते. तिसरे वाक्य आले की कागद माझ्या टेबलावरून लीगलकडे जातो, तिथून फायनान्सकडे, मग माहितीची सुरक्षा पाहणाऱ्या इन्फोसेककडे, शेवटी ज्या क्लायंटचे काम आहे त्याच्या अकाउंट मॅनेजरकडे. परत क्वचितच येतो.

फायनान्सला भीती कराची. आमचा माणूस सहा महिने लिस्बनमध्ये बसून काम करू लागला, तर ‘तुमच्या कंपनीचे इथे ऑफिसच आहे की’ असे तिथले करखाते म्हणू शकते. करसल्लागार याला पर्मनंट एस्टॅब्लिशमेंट म्हणतात. साध्या डेव्हलपरच्या बाबतीत हा धोका फारसा नसतो हे त्यांनाही माहीत आहे, पण ‘फारसा नाही’वर कुणी सही करत नाही. इन्फोसेकचे दुखणे वेगळे. क्लायंट बँक असेल तर लॉगिन कोणत्या शहरांतून होणार हे करारातच लिहिलेले असते. करारात पुणे आणि चेन्नई असेल तर थायलंडमधले चियांग माई चालत नाही. कोविडच्या काळात नाशिकच्या घरून काम करायलासुद्धा आम्हाला क्लायंटची लेखी परवानगी काढावी लागली होती!

स्पेनचे उदाहरण घ्या, कारण सर्वांत जास्त विचारणा त्याचीच होते. २०२३ पासून हा व्हिसा सुरू आहे. कंपनी किमान वर्षभर चालू असलेली हवी, अर्जदार तिथे किमान तीन महिने नोकरीत हवा, आणि स्पेनमधून काम करण्याची परवानगी पत्रात स्पष्ट लिहिलेली हवी. इथवर एक वेळ जमेल. पण नोकरदाराला सामाजिक सुरक्षेचाही कागद लागतो, म्हणजे आपली पीएफसारखी वर्गणी मायदेशीच भरली जाते असा दाखला, आणि तो चालतो दोन देशांत तसा करार असेल तरच. पोर्तुगालशी भारताचा तसा करार २०१७ पासून लागू आहे, स्पेनशी नाही. मग पर्याय उरतो तो भारतातल्या कंपनीने स्पेनच्या सामाजिक सुरक्षा व्यवस्थेत नोंदणी करून तिथे वर्गणी भरण्याचा. एका कर्मचाऱ्याच्या हौसेसाठी हे कोणती कंपनी करील? पगाराचा आकडा, पोलीस पडताळणीचा दाखला, अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का), विमा हे सगळे जमवून मुलगी माझ्यासमोर फाइल घेऊन बसते, आणि अडते ते तिच्या हातात नसलेल्या गोष्टीवर.

गंमत अशी की या व्हिशांच्या बाबतीत हिंजवडीच्या वीस-बावीस लाख पॅकेजवाल्या इंजिनिअरपेक्षा सांगली-इचलकरंजीत घरी बसून परदेशी ग्राहकांची डिझाइनची कामे करणारा माणूस पुढे असतो. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ग्राहकांशी झालेले करार, इन्व्हॉइस, बँकेत आलेल्या परकीय चलनाचे दाखले आणि सीएचे उत्पन्नाचे प्रमाणपत्र एवढे असले की त्याची बाजू मांडून होते. त्याला स्पेनमध्ये स्वयंरोजगारी म्हणून स्वतःची वर्गणी स्वतः भरता येते. थायलंडच्या व्हिशालाही नोकरीच्या पत्राऐवजी फ्रीलान्सर आपल्या कामाचा पोर्टफोलिओ जोडू शकतो. आपल्या पुरवण्यांतल्या लेखांसोबत फोटो मात्र नेहमी गळ्यात कंपनीचे ओळखपत्र घातलेल्या तरुणांचे असतात.

उत्पन्नाच्या अटींबद्दल थोडे. पोर्तुगाल तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मागतो. २०२५ मध्ये किमान वेतन ८७० युरो होते, म्हणजे महिना ३४८० युरो, आपले साडेतीन लाखांच्या आसपास. पुण्यात एवढा पगार घेणारा माणूस सहसा मॅनेजर झालेला असतो, मुले शाळेत असतात, आईवडिलांची आजारपणे असतात. मलेशियाचा ‘डीई रांताऊ’ हा नोमॅड व्हिसा त्या मानाने आवाक्यातला. तंत्रज्ञान क्षेत्रातल्या अर्जदाराकडून तो वर्षाला २४ हजार डॉलर मागतो आणि जोडीदार व मुलांना नेता येते. जपानने मार्च २०२४ मध्ये सहा महिन्यांचा व्हिसा आणला, वर्षाला एक कोटी येनची अट घातली, पण तो ज्या देशांसाठी आहे त्या यादीत भारत नाहीच. तरीही जपानचे नाव तक्त्यात दिसते!

थायलंडच्या डीटीव्हीविषयी (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) जरा सविस्तर लिहायला हवे, कारण जुलै २०२४ पासून सगळ्यांची उडी तिथेच आहे. पाच वर्षांची मुदत, एका प्रवेशावर १८० दिवस मुक्काम, बँकेत पाच लाख बाट शिल्लक, म्हणजे तेरा-चौदा लाख रुपये. मुए थाई, म्हणजे थाई बॉक्सिंग, शिकायला किंवा थाई स्वयंपाकाच्या वर्गाला जातो म्हणूनही हा व्हिसा मिळतो, त्यामुळे कंपनीचे पत्र न मिळालेले काही जण बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज घालायला तयार होतात. पण व्हिसा वेगळा आणि कर वेगळा, हे लेखांत कुणी सांगत नाही. थायलंडमध्ये जानेवारी ते डिसेंबर या वर्षात १८० दिवस राहिलात की तुम्ही तिथले करनिवासी, म्हणजे करापुरते तिथले रहिवासी, ठरता, आणि २०२४ पासून बाहेरची कमाई तिथे आणली तर तिच्यावर कर लागू शकतो. व्हिसा एका वेळी नेमके तेवढेच दिवस देतो. आपल्याकडे हिशेब एप्रिल ते मार्च चालतो आणि मोजला जातो १८२ दिवसांचा आकडा. एकच माणूस एकाच काळात दोन्हीकडे निवासी ठरू शकतो. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण त्याचा फायदा आपोआप मिळत नाही, कागद करावे लागतात. इकडे कंपनी पुण्याच्या पत्त्यावर निमूटपणे टीडीएस कापतच असते.

पत्र नाकारले की पुढे काय होते हेही लिहायला हवे. काही जण गप्प बसतात. काही जण फिरायला जातो म्हणून निघतात आणि बँकॉकच्या खोलीतून व्हीपीएन (खरे ठिकाण लपवणारे सॉफ्टवेअर) लावून ‘पुण्यातून’ लॉगिन करतात. यात थोडे दिवस काहीच होत नाही, म्हणून ही युक्ती मित्राकडून मित्राकडे जाते. मग एखाद्या दिवशी व्हीपीएन क्षणभर तुटते, क्लायंटच्या सिस्टिमला दुसऱ्या देशाचा पत्ता दिसतो, आणि प्रकरण माझ्याकडे येते ते शिस्तभंग म्हणून. चांगली, कामसू मुले अशी गमावली जातात याचे वाईट वाटते. टुरिस्ट म्हणून दुसऱ्या देशात शिरून तिथे काम केले, तर उद्या खऱ्या व्हिशाचा अर्ज करताना तीच नोंद आड येऊ शकते, हा भाग वेगळाच.

दुसऱ्या बाजूनेही आपले चित्र फारसे वेगळे नाही. गोव्यातल्या आसगाव-मोरजीच्या कॅफेंमध्ये लॅपटॉप उघडून बसलेले परदेशी पाहुणे कोणत्या व्हिशावर आलेले असतात हे सगळ्यांना ठाऊक असते. डिजिटल नोमॅडसाठी भारताचा वेगळा व्हिसा नाही. गोव्यात त्याची चर्चा होते, पण व्हिसा देणे केंद्राचे काम, पणजीचे नव्हे.

दोष सगळा कंपन्यांचा आहे असे मी म्हणणार नाही. मीही कंपनीचीच माणूस. पण प्रत्येक अर्ज नव्याने चार विभागांत फिरवून शेवटी ‘सध्या शक्य नाही’ असे उत्तर देणे हे धोरण नव्हे, टाळाटाळ आहे. वर्षातून तीस-चाळीस दिवस, ठरावीक देशांतून, ठरावीक प्रोजेक्टवरच्या लोकांना परवानगी, असे लिहून ठेवता येते. क्लायंटशी नवा करार करताना त्यात एक कलम टाकता येते. नॅसकॉमसारख्या आयटी कंपन्यांच्या संघटनेने अशा पत्राचा आणि अशा कलमाचा नमुना तयार करून दिला, तर छोट्या कंपन्यांचे लीगलवाले त्यावर सही करायला धजतील.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या तक्त्यात आणखी एक रकाना घालावा. नोकरदाराला कंपनीचे पत्र लागते का आणि त्यात काय लिहिलेले असावे लागते, एवढे त्यात असावे. फ्रीलान्सरसाठीची अट वेगळी असेल तर तीही द्यावी. आणि ज्यांना खरोखरच जायचे आहे त्या वाचकांनी हा प्रश्न ऑफर लेटरवर सही करण्याआधी विचारावा. त्या वेळी एचआर तुमच्याशी बरेच मोकळेपणाने बोलते.

आपली,
एक वाचक, बाणेर, पुणे
(नाव व पत्ता कळवला आहे, कृपया छापू नये.)