मराठीत शब्द नाहीत असं कोण म्हणतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला बार्बेक्यूवरचा, म्हणजे निखाऱ्यांवर भाजण्याच्या प्रकारावरचा, लेख वाचला. विषय आवडीचा म्हणून शेवटपर्यंत वाचला आणि दोन वाक्यांनी डोकंच फिरलं. एक म्हणजे बार्बेक्यू हा फ्रेंच शब्द, अर्थ दाढीपासून शेपटीपर्यंत. ही कथा सगळीकडे फिरते पण खरी नाही हो. शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, स्पॅनिश लोकांनी तो बार्बाकोआ म्हणून उचलला, अर्थ काठ्यांची उंच चौकट. विल्यम डॅम्पियर या दर्यावर्द्याच्या १६९७ च्या पुस्तकात तर रात्री झोपायच्या चौकटीला हाच शब्द आहे, म्हणजे ज्वारी राखायला रानात माळा घालतात ना, साधारण तसलंच. ग्रिलचं मूळ लॅटिन क्रॅटिक्युला, म्हणजे छोटी जाळी, खिडकीचं ग्रिल पण त्यातलंच. एवढं तरी तपासायचं होतं.

दुसरं वाक्य जास्त लागलं: 'मराठीत या प्रकाराला स्वतःचे शब्दच नाहीत.' अहो, पापड भाजतो, भाकरी शेकतो, कणीस इंगळावर धरतो, हे इंगळ संस्कृतातल्या अंगाराचंच रूप, आणि भाजणे आलंय भृज्ज् धातूवरून. सळईवर भाजलेल्या मांसाला शूल्य म्हणायचे, तो शब्द कसा होतो याचं पाणिनीच्या व्याकरणात सूत्र आहे. नीट भाजलं तर खरपूस, जास्त झालं तर करपलं. अजून किती शब्द पाहिजेत?

आणि शब्द तुमच्याकडे आले तरी तुम्ही ते ठेवत नाही, हे मी अनुभवाने बोलतोय. मागच्या हिवाळ्यात हुरड्यावर पत्र पाठवलं होतं. निफाडकडे मामांच्या मळ्यात खड्डा करून गोवऱ्या पेटवायच्या, धग बसली की गरम राखेत कणसं खुपसायची, दाणा फुगून वास सुटला की काढून तळहातावर चोळायची, हात भाजतो पण तेव्हाच चोळावं लागतं, गार झालं की दाणा सुटत नाही. त्या खड्ड्याला आगटी म्हणतात. तुम्ही छापलं 'अंगठी'! 'मामांनी अंगठीत कणसं टाकली.' मामांनी फोन करून विचारलं हे काय लिहिलंस रे. मी दुरुस्तीसाठी ईमेल केला, त्याला आजपर्यंत उत्तर नाही. गंगापूर रोडच्या हॉटेलांचे ग्रिल्ड पनीर मात्र दर आठवड्याला बिनचूक छापून येतात.

शिवाय पुरवणीचं शब्दकोडं एवढं बारीक केलंय की वडिलांना भिंग घेऊनही चौकटी दिसत नाहीत, ते पण बघा.

पुढच्या पुरवणीत बार्बेक्यूची दुरुस्ती छापा, आणि त्याखाली आगटी हा शब्द एकदा नीट छापा.

आपला,
एक जुना वाचक, पंचवटी, नाशिक