गाडी कुठे गेली ते कळेल, कोणाच्या सांगण्यावरून गेली ते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारी गाड्यांचा खासगी वापर बंद करण्याबाबतची कालच्या अंकातली बातमी वाचली. निर्णय योग्य आहे आणि तो फार आधी व्हायला हवा होता. पण लॉगबुकातल्या नोंदींची जबाबदारी चालकावर राहणार, हे वाचलं आणि मी तिथेच थांबले. बातमीत त्यावर एक प्रश्नसुद्धा विचारलेला नाही.

माझे वडील 31 वर्षं सरकारी जीप चालवत होते. एका रात्री साहेबांचे नातेवाईक लग्नाला जायचे होते, त्यांना पोहोचवून या, असा तोंडी निरोप आला. वडिलांनी पोहोचवलं. परत येताना दिवे न लावता रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकवर जीप आदळली. त्यांचं मनगट मोडलं, गाडीचा पुढचा भाग गेला. चौकशीत पहिला प्रश्न आला, रात्री अकरा वाजता गाडी त्या रस्त्यावर काय करत होती? लॉगबुकात कामाच्या रकान्यात 'कार्यालयीन काम' एवढंच लिहिलेलं. नेहमी तसंच लिहायला सांगितलं जायचं. वापरणाऱ्याच्या सहीची जागा कोरी होती. साहेबांनी लेखी दिलं की गाडी संध्याकाळी सहालाच कार्यालयात लावायला सांगितली होती, चालकानं ती परस्पर नेली.

वडिलांच्या दोन वेतनवाढी कायमच्या रोखल्या गेल्या. दुरुस्तीचा खर्च चौदा महिने पगारातून कापून घेतला. वेतनवाढ कायमची रोखली की त्याचा फटका निवृत्तिवेतनापर्यंत बसत राहतो, हे नोकरदारांना वेगळं सांगायला नको. साहेब पुढे बढती मिळून बदलून गेले.

म्हणून विचारते, 'नाही' म्हणायची सोय चालकाला या नव्या नियमात कुठे ठेवली आहे? ज्याचा गोपनीय अहवाल मागच्या सीटवरचा माणूस लिहितो, त्यानं पुढच्या सीटवरून कोणत्या तोंडानं सांगायचं की साहेब, हे काम सरकारी नाही?

जीपीएस बसवणार म्हणतात. बसवा. गाडी कुठे गेली, किती वेळ थांबली, हे त्यातून कळेल. कोणाच्या सांगण्यावरून गेली हे कळणार नाही. त्यासाठी फेरीच्या आधी लेखी आदेश हवा आणि फेरी संपल्यावर वापरणाऱ्याची सही हवी. सही नसेल तर त्या फेरीचं इंधन मंजूर होऊ नये. हे करायला कोणतंही यंत्र लागत नाही.

घर ते कार्यालय ही ने-आण तर आपल्याकडे सहसा कोणी खासगी वापरात धरत नाही. साहेबांचं घर बारा किलोमीटरवर आहे असं धरा. गाडी सकाळी रिकामी जाते, भरून येते, संध्याकाळी भरून जाते, रिकामी येते. रोजचे 48 किलोमीटर, महिन्याच्या पंचवीस दिवसांचे 1,200. लिटरला बारा किलोमीटर धावणाऱ्या गाडीला त्यापायी 100 लिटर इंधन लागतं आणि त्यात जनतेचं एकही काम झालेलं नसतं. वडील सकाळी साडेसहाला घर सोडायचे आणि रात्री दहाला यायचे, ते या फेऱ्यांमुळे. मध्यरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर गाडी जरूर वापरावी, दुसऱ्या दिवशी तसं लिहावं आणि सही करावी. दर किलोमीटरमागे ठरलेली रक्कम भरून खासगी वापराची मुभा देण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे, तिलाही माझी हरकत नाही. फक्त पैसे भरणाऱ्याचं नाव नोंदीत यावं.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात सरकारी मोटार जाणूनबुजून खासगी कामाला वापरणारा आणि तशी परवानगी देणारा, दोघांनाही किमान एक महिना बिनपगारी निलंबनाची शिक्षा आहे. घर ते कार्यालय प्रवासही तिथे सर्वसाधारणपणे सरकारी काम मानला जात नाही. 1991 मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्षांचे चीफ ऑफ स्टाफ जॉन सुनुनू सरकारी गाडीनं वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला टपालतिकिटांच्या लिलावाला गेले. त्यावरून गहजब झाला तो सुनुनू यांच्या नावानं. गाडी चालवणाऱ्याच्या नावानं नव्हे, आणि ते बरोबरच होतं.

आता आपल्या वृत्तपत्राबद्दल. बातमीसोबतच्या छायाचित्रात गाडीचं दार धरून उभ्या असलेल्या चालकाचा चेहरा स्पष्ट दिसतो. आत बसलेली व्यक्ती काळ्या काचेमागे आहे. खाली 'गैरवापर थांबणार' अशी ओळ आहे. त्या चालकानं कोणता गैरवापर केला, याचा बातमीत उल्लेख नाही. त्याच्या घरी मुलं असतील, ती आज शाळेत गेली असतील. वडिलांची चौकशी चालू होती तेव्हा मी नववीत होते आणि वर्गात कोण काय बोललं ते मला आजही आठवतं. ते छायाचित्र आपल्या संकेतस्थळावरून आजच काढावं आणि उद्याच्या अंकात तसा खुलासा छापावा, ही विनंती.

आपली,
एका निवृत्त सरकारी वाहनचालकाची मुलगी