चित्रांची नोंद थरांसकट हवी

संपादक महोदय,

मुंबईतील संग्रहालयांनी आपल्याकडच्या चित्रांचे रंगीत फोटो काढून न थांबता त्यांची थरांसकट डिजिटल नोंद करावी, म्हणजे वेगवेगळ्या प्रकाशात फोटो घेऊन वरच्या रंगाखालचे थरही टिपावेत, एवढ्यासाठी हे पत्र. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात लागलेल्या आगीत त्यांतल्या कितीतरी जळाल्या. त्याआधी १८६६ मध्ये रॉबर्ट गिल यांनी काढलेल्या अजिंठ्याच्याच प्रतिकृतींचीही लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत राख झाली होती. तेव्हा रंगांसकट दुसरी प्रत सहज ठेवण्याची सोय नव्हती. आज ती आहे, आणि तरीही आपण रेंगाळतो याचे वाईट वाटते.

इन्फ्रारेड किरण अनेक रंगांच्या थरांतून आत शिरतात, पण कोळशाची किंवा काजळीची रेघ त्यांना शोषून घेते. त्यामुळे चित्रकाराने आधी काढलेले आणि मग बदललेले रेखाटन दिसू लागते. अतिनील प्रकाशात जुने व्हार्निश हिरवट चमकते आणि त्यावर नंतर झालेली डागडुजी काळपट उठून दिसते. एका बाजूने तिरका प्रकाश टाकला की सुटू लागलेले रंगाचे पोपडे कळतात. मुंबईच्या दमट हवेत मला हीच नोंद सर्वांत मोलाची वाटते. दर पावसाळ्यानंतर त्याच कोनातून, त्याच प्रकाशात फोटो घेतला, तर रंग गळून पडण्याआधी संवर्धकाला हात घालता येईल.

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चे ८,४३९ फोटो जोडून २०२२ मध्ये ७१७ अब्ज पिक्सेलची प्रतिमा तयार केली. तेवढा खर्च आपल्याला झेपणार नाही, पण सुरुवातीला तो लागतही नाही. इन्फ्रारेड अडवणारी आतली काच काढलेला साधा डिजिटल कॅमेरा आणि योग्य फिल्टर एवढ्यावरही पुष्कळ दिसते.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे स्वतःचे कलासंवर्धन केंद्र आहे, समोरच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, जे. जे. ही फार लांब नाही. तिघांनी मिळून एक उपकरणसंच घ्यावा आणि विद्यार्थ्यांना या कामात सामील करावे. प्रत्येक फोटोत रंगपट्टी आणि मोजपट्टी असावी, प्रतिमा अभ्यासकांना विनासायास मिळाव्यात आणि त्यांची एक प्रत मुंबईबाहेर ठेवावी.

— एक चित्रकला शिक्षिका, गिरगाव, मुंबई