जुनी कॅम्परव्हॅन घेताना

महोदय,

इंग्लंडमधल्या जुन्या कॅम्परव्हॅनवरचा, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेल्या गाड्यांवरचा, रविवार पुरवणीतला लेख आवडला, पण नुसत्या फोटोंवर भुलू नये. लीड्समध्ये माझं गॅरेज आहे. १९७०च्या दशकातल्या फोक्सवॅगन घेऊन आपलीही मंडळी येतात. वरून रंग चकाचक, आणि गालिचा उचलला की तळाची गंजून चाळण! जॅक लावायची जागा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघाच. इंजिन मागे असतं; तिथली पेट्रोलची रबरी नळी तडकलेली असेल तर गाडी पेटायला वेळ लागत नाही. आधी ती बदला, पडदे मग शिवा. ४० वर्षांवरच्या गाडीला इथे बहुधा वार्षिक तपासणीची सक्ती नाही, त्यामुळे ‘कागदपत्रं क्लिअर’ला फारसा अर्थ नाही. वर उघडणाऱ्या छताचं कापड हुंगून बघा. कुबट वास आला तर भाव पाडून मागा.

— एक गॅरेजवाला, लीड्स